ढकलगाडीचे चाक आणि आपली कंबर

मैत्रिणींनो, घरातल्या वस्तूंची निगा कशी राखावी हे तुम्हांला मी काय सांगणार? पितळेची भांडी चिंचेने घासावीत, मिक्सरचे भांडे लगेच धुवावे, कुकरची रबरी रिंग जपावी, हे सारे आपल्या हातात मुरलेले आहे. पण ही निगा बहुधा उंबऱ्याशी थांबते. मागीलदारी पाऊल टाकले की तिथल्या वस्तू 'बाहेरच्या' होतात. त्यांच्याकडे पुरुषांनी पाहावे असा एक अलिखित नियम आहे. आणि पुरुषमाणूस तर दिवसभर ऑफिसात, नाहीतर मुंबईला! म्हणजे पाहणारे कोणीच नाही.

अशा बेवारशी वस्तूंत पहिला नंबर लागतो तो एका चाकाच्या ढकलगाडीचा. आमच्या रत्नागिरीत नाचणे, शिरगाव, कुवारबाव या बाजूला घरामागे चार आंब्याची झाडे आणि पाचसहा माड असलेली पुष्कळ घरे आहेत. तिथे शेणखत, पातेरा, झावळ्या, नारळ, वाळू, चिरे, सगळे या गाडीवरच जाते. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचे क्रेट वाहते तीच. भरलेला एक क्रेट वीस किलोंच्या आसपास जातो. पूर्वी हेच ओझे बाईच्या डोक्यावर नाहीतर कंबरेवर असे. गाडी आली आणि ते चाकावर गेले. आपल्या मानेला आणि पाठीला एवढी विश्रांती देणारी दुसरी वस्तू मागीलदारी नाही.

पण तिचा टायर बसला की काय होते? चाक काढून रिक्षातून मारुती मंदिराकडे नाहीतर साळवी स्टॉपला पंक्चरवाल्याकडे न्यायचे, तो म्हणणार 'संध्याकाळी या', आणि इकडे उतरवलेले आंबे उन्हात! मग आपण काय करतो? पदर खोचतो आणि क्रेट कंबरेवर घेतो. आमच्या आळीतल्या एका वहिनींनी एका मे महिन्यात चार दिवस असे केले आणि पुढचा सबंध पावसाळा कंबरेला पट्टा बांधून काढला. म्हणून म्हणते, टायर ही बाहेरची गोष्ट समजू नका. तिचा संबंध थेट आपल्या मणक्याशी आहे.

चाक झिजते कधी?

जरा हिशेब करू या. विहिरीपासून बेड्यापर्यंत समजा पन्नास पावले. गाडीच्या दिवसाला वीस खेपा झाल्या तरी जाऊन-येऊन दीड किलोमीटर होत नाही, आणि त्याही रोज होत नाहीत. स्कूटर एवढे अंतर चार मिनिटांत तोडते. तरीही स्कूटरचा टायर वर्षानुवर्षे चालतो आणि ढकलगाडीचा दोन-तीन वर्षांत टाकाऊ होतो, हे कसे?

टाकून दिलेला एखादा टायर नीट पाहा. वरची नक्षी बहुतेक शाबूत असते. भेगा पडलेल्या असतात त्या बाजूंना, अगदी उन्हाळ्यातल्या टाचांसारख्या. म्हणजे हा टायर चालून झिजलेला नाही. उभ्याउभ्या कुजला आहे! ऊन, कमी हवा, गंजलेली रिम आणि तेलाचे डाग हे त्याचे चार शत्रू. ही ओळख एकदा पटली की उपाय सोपे आहेत, आणि त्यांतल्या एकाही उपायाला मिस्त्री लागत नाही.

रबराला काय सोसत नाही

रबर म्हणजे मुळात झाडाचा चीक. केरळात त्याच्या मोठ्या बागा आहेत आणि आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातही दोडामार्गकडे त्या दिसतात. नुसता चीक उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या गृहस्थाला गंधक घालून तापवलेले रबर टिकाऊ होते असा शोध लागला. पुढे 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी धाव बसवली. पोराला धक्के बसू नयेत एवढाच हेतू, बरं का! त्यातून जगभर हवेचे टायर आले. टायर काळा असतो तो त्यात मिसळलेल्या काजळीमुळे. ही काजळी रबराला बळकटी देते आणि उन्हापासून काही प्रमाणात वाचवतेही.

काही प्रमाणात म्हणजे कायमचे नव्हे. सूर्याचे किरण आणि हवेतला ओझोन वायू हे दोघे मिळून रबराचे तंतू तोडतात. विशेषतः रबर ताणलेले किंवा दबलेले असले तर भेगा लवकर पडतात. ओझोन विजेच्या ठिणग्यांतूनही तयार होतो, म्हणून विहिरीच्या पंपाच्या मोटरशेजारी गाडी ठेवू नये. पुष्कळ घरी नेमकी तीच जागा मोकळी सापडते!

मग गाडी ठेवावी कुठे? पडवीत किंवा गोठ्याच्या छपराखाली, जिथे दुपारचे ऊन पोचत नाही तिथे. माडाखाली ठेवून समाधान मानू नका, माडाची सावली तासातासाला सरकते. आणि ठेवताना गाडी भिंतीला टेकून उभी करावी, चाक जमिनीपासून सुटलेले. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. टायरवर भार राहत नाही, आणि पावसाळ्यात गाडीच्या पत्र्यात पाणी साचत नाही. चाकावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला तर उत्तमच. गोणपाट मात्र नको. ते पाणी धरून ठेवते आणि रिम गंजवते.

आता तेलाचे. चाक चकचकीत दिसावे म्हणून कोणी रॉकेलचा बोळा फिरवते, कोणी खोबरेल चोळते. दोन दिवस टायर नवा दिसतो खरा, पण तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. डिझेल, ग्रीस, इंजिनचे तेल यांचेही तेच. डाग पडला तर साबणाच्या पाण्याने लगेच धुवा. तेलाचे दोन थेंब हवेत ते चाकाच्या कण्याला, आणि तेही ओघळ पुसून घेऊन.

हवा किती पौंड?

सगळ्यांत मोठा प्रश्न हाच. टायरच्या बाजूवर बारीक उठावाच्या अक्षरांत किती हवा भरावी तो आकडा दिलेला असतो. धुळीने दिसत नसेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि खडूने चोळा, अक्षरे उठून दिसतील. ढकलगाडीच्या लहान टायरला बहुधा तीस पौंडांच्या आसपास हवा लागते, पण आपल्या टायरवर लिहिले असेल तेच प्रमाण मानावे.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते. एखादा कागद पुन्हा पुन्हा त्याच घडीवर मोडला तर तिथेच फाटतो ना, तसेच हे. शिवाय ट्यूब आत सरकते आणि व्हॉल्व मुळाशी फाटतो. त्याला ठिगळ लागत नाही, नवी ट्यूबच आणावी लागते. गाडी ढकलायला जोर जास्त लागतो तो वेगळाच.

हवा जास्त झाली तरी वाईट. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथे मुलींना हे असे समजावते: बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. सकाळच्या गारव्यात तीस पौंड भरलेली हवा, दुपारी चाक चटका बसण्याइतके तापले की चार-साडेचार पौंडांनी चढते. आधीच ठासून भरलेली असेल तर टायर फाटायला निमित्तच मिळते. म्हणून हवा सकाळी भरावी. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने भरायची झाली तर फार जपून, कारण एवढ्याशा टायरात हवा मावते थोडी आणि तो क्षणात भरून फुटू शकतो. घरचा सायकलचा हातपंप सर्वांत बरा.

हवा महिन्यातून एकदा पाहावी. पण लक्षात कसे राहायचे? माझी एक युक्ती सांगते. संकष्टी महिन्यातून एकदा येते. त्या दिवशी सकाळी स्वयंपाकाची घाई जरा कमी असते, तेव्हा पाच मिनिटे चाकाला द्यावीत. ज्या संकष्टी करत नाहीत त्यांनी वाण्याची यादी करण्याचा दिवस धरावा. दाब मोजायचे साधन नसले तरी रिकाम्या गाडीचे चाक अंगठ्याने दाबून पाहता येते. आणि गाडी भरल्यावर टायर जमिनीशी पोळीसारखा पसरत असेल तर हवा कमी आहे हे निश्चित.

व्हॉल्ववर टोपण नसेल तर ते आधी आणा. आपल्याकडची तांबडी धूळ आत गेली की हवा हळूहळू झिरपते. साबणाच्या पाण्याचा एक थेंब व्हॉल्ववर ठेवा. बुडबुडा आला तर आतली पिन घट्ट करायची किंवा बदलायची. पुष्कळदा आपण जिला पंक्चर म्हणतो ती एवढीच भानगड असते.

आपला जांभा, आपली खारी हवा

कोकणच्या टायराचे काही त्रास खास कोकणचेच. इथला दगड जांभा. 1807 साली फ्रान्सिस बुकॅनन याने या दगडाला 'लॅटराइट' असे इंग्रजी नाव दिले, ते लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून. जमिनीतून काढताना मऊ, विटेसारखा कापता येतो. उन्हा-वाऱ्यावर मात्र लोखंडासारखा कडक होतो. त्याची खडी धारदार असते, आणि कातळावर करवंदीचे काटे पसरलेले असतातच. म्हणून गाडीची रोजची वाट झाडून ठेवावी. बेड्यापर्यंतच्या वाटेवर माती आणि पातेरा पसरून ती दाबून घेतली तर टायरही वाचतो आणि आंब्यांना धक्केही कमी बसतात. धक्का लागलेला हापूस पेटीत चौथ्या दिवशी आपले रंग दाखवतो, हे काय मी सांगायला हवे?

पायरीवरून भरलेली गाडी धाडकन उतरवू नये. टायर रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. फळीचा एक उतार करून ठेवावा.

ओझे कसे रचावे यालाही शास्त्र आहे. चीनमध्ये सुमारे अठराशे वर्षांपूर्वीपासून ढकलगाड्या आहेत. त्यांतल्या कित्येकींचे मोठे चाक मधोमध असे आणि सगळे ओझे चाकच पेले. आपल्या गाडीचे चाक पुढे, म्हणून ओझ्याचा वाटा आपल्या हातांवर येतो. जड वस्तू चाकाकडे आणि हलक्या आपल्याकडे ठेवल्या की कंबर वाचते. मात्र तेव्हा टायरात हवा पुरेशी हवीच.

मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा या बाजूला समुद्राची खारी हवा. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. रिम गंजणारच. गंजाचे खवले आतून ट्यूबला टोचतात आणि कुठे काटा सापडत नसतानाही ती पुन्हा पुन्हा पंक्चर होते. शेणमूत, खते आणि झाडांवर फवारायची औषधे यांनीही रिम आणि व्हॉल्व खातात. तेव्हा काम संपले की चाकावर दोन तांबे साधे पाणी ओतायचे आणि पुसून घ्यायचे. चाकांच्या फवारणी पंपालाही हाच नियम. वर्षातून एकदा टायर काढून रिम पॉलिश पेपरने घासावी, रेडऑक्साइड लावावे आणि पूर्ण वाळल्यावर टायर चढवावा.

पंक्चर घरी काढता येते

अगदी येते! कुकरची शिट्टी सोडवून साफ करणाऱ्या बाईला हे कठीण नाही. सायकलच्या दुकानात रबर सोल्यूशन, ठिगळे आणि पॉलिश पेपर मिळतो.

एक सूचना आधी. काही गाड्यांची रिम दोन तव्यांसारखी बोल्टांनी जोडलेली असते. चाकात हवा असताना हे बोल्ट कधीही सैल करू नका. झाकण सुटलेल्या कुकरसारखी रिम उडते. आधी सगळी हवा सोडायची, मगच पान्याला हात लावायचा.

हवा सोडली की टायरची कड पायाने दाबून रिमपासून सुटी करा. दोन बोथट पट्ट्या घेऊन कड बाहेर काढा. स्क्रू ड्रायव्हर नको, तो ट्यूबला नवे भोक पाडतो. ट्यूब काढून तिच्यात थोडी हवा भरा आणि पाण्याच्या घमेल्यात फिरवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. ट्यूब कोरडी करून ती जागा पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि सोल्यूशनचा पातळ हात द्या. आता घाई करायची नाही. चारपाच मिनिटांनी ओलेपणा गेला, बोटाला नुसता चिकटपणा लागला, की ठिगळ बसवून लाटण्याने दाबा. सोल्यूशन पेट घेणारे असते, म्हणून हे काम गॅसपासून लांब, पडवीत बसून करावे.

ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवा. काटा राहिला असेल तर फडके अडकते. बोट फिरवलेत तर रक्त निघेल! ठिगळावर चिमूटभर टाल्कम पावडर टाकली की ट्यूब टायरला चिकटत नाही. थोडी हवा भरून टायर सगळीकडे सारखा बसला का पाहा, मग पूर्ण भरा. पहिल्या वेळी तास जाईल, तिसऱ्या वेळी वीस मिनिटे. मुलींना शेजारी बसवा. त्यांच्या सायकलींना उपयोगी पडेल.

पॉवर टिलरचे टायर

ज्यांची भातशेती आहे त्यांच्याकडे चिखलणीच्या वेळी पॉवर टिलरचे रबरी टायर काढून लोखंडी चाके लावतात. काढलेले टायर मग माडाखाली दोन महिने आडवे पडतात. ते धुऊन, पुसून, छपराखाली उभे करून ठेवावेत. पुन्हा चढवताना वरची बाणाची खूण पाहून दिशा बरोबर आहे ना, हे बसवणाऱ्याला विचारावे. उलटा बसलेला टायर ढेकळांत नुसता फिरतो आणि विनाकारण घासतो. टिलर बरेच दिवस उभा राहणार असेल तर धुरीखाली लाकडी ठोकळे द्यावेत, म्हणजे टायरवर भार राहत नाही.

जुना टायर आणि डास

आता महत्त्वाची गोष्ट. टायर कितीही जपला तरी एक दिवस तो जाणारच. तेव्हा तो 'असू दे, कशाला तरी होईल' म्हणून गडग्यावर फेकू नका. टायरच्या पोटात पावसाचे पाणी साचते आणि तो कसाही ठेवला तरी ते सगळे निघत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अशी काळोखी, निवांत जागा फार आवडते. तो डास दिवसा चावतो. त्याची अंडी टायरच्या कडेला चिकटलेली, कोरडी असली तरी महिनेन् महिने जगतात आणि पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत डास उडू लागतात. 1985 साली अमेरिकेत ह्यूस्टन शहरी आशियातला एक डास मोठ्या संख्येने सापडला. जुन्या टायरांच्या जहाजी मालातून तो समुद्र ओलांडून गेला, असे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. मग आपल्या गडग्यावरून शेजारच्या बाळाच्या पाळण्यापर्यंत यायला त्याला कितीसा वेळ लागणार?

आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगते. त्या दिवशी पिंप आणि कुंड्यांच्या बशा पाहतो तशी ढकलगाडी आणि टायरही पाहावेत. जुना टायर भंगारवाल्याला द्यावा. झोपाळा करायचा असेल तर खालच्या बाजूला चांगली मोठी भोके पाडून घ्यावीत. आणि शिमग्याच्या होमात तो कोणी टाकत असेल तर खुशाल आडवे या. त्या काळ्या धुराने लहान मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे श्वास कोंडतात.

नवा टायर घेताना

दुकानात किती दिवस पडून आहे ते पाहावे. पुष्कळ टायरांवर चार आकडे एकत्र असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. आकडे नसतील तर बाजू वाकवून बारीक भेगा दिसतात का पाहा. हवा न लागणारी भरीव चाकेही मिळतात. त्यांना पंक्चर नाही, पण जांभ्यावर प्रत्येक धक्का मनगटात येतो. खत-माती वाहायला ती चालतील. आंब्याला आणि आपल्या सांध्यांना हवेचे चाकच मानवते.

स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा

दर संकष्टीला: हवा, टोपण, भेगा पाहणे.
शिमगा झाल्यावर: आंबे उतरण्याआधी ट्यूब तपासून ठेवणे, एक जादा ट्यूब आणणे.
मृगाआधी: गाडी छपराखाली, भिंतीला उभी. जुने टायर भंगारात.
पावसाळाभर: आठवड्यातून एक कोरडा दिवस.
दिवाळीआधी: रिम घासणे, रंगवणे, कण्याला तेल.

एवढे केले तर दर महिन्याला पाच मिनिटे आणि वर्षाला एक सकाळ खर्च होईल. दिवाळीत आपण घरातला डबा न् डबा घासतो. यंदा त्या यादीत चाकाचेही नाव घाला. मे महिन्यात क्रेट उचलायची वेळ आली की त्याचे मोल कळेल.